सोलरला मोहाचं तेल

देवाजीच्या घरावर पाणी तापवायचा सोलर बसला त्या दिवशी घरात जो तो खूश होता. सून पुनम तर दोनदा उगाचच नळ उघडून, हात पोळून घेऊन हसली. तिचं खरंच होतं. आंघोळीच्या पाण्याला जळण लागायचं, ते जळण जंगलातून तीच आणायची, आणि गावाला लागून असलेल्या त्या जंगलात मागच्या उन्हाळ्यापासून एक वाघीण पिल्लं घेऊन हिंडत होती. मुलगा प्रवीण तालुक्याच्या गावी, सावलीला, राईस मिलमध्ये कामाला. पहाटे साडेपाचला मोटारसायकल काढायच्या आधी त्याला कढत पाणी लागायचं, ती सोय झाली. देवाजीची बायको इंदुताई हिच्या डोळ्यांत जाणारा धूर गेला. नुकसान झालं ते एकट्या देवाजीचं, आणि ते असं होतं की चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

हिवाळ्यात पहाटे चारला उठून पाणी तापवणं हे कित्येक वर्षांपासून देवाजीचं काम. घरामागे सांदवाडीत तीन दगडांची चूल, तिच्यावर जर्मनचं मोठं पातेलं, म्हणजे गंज, आणि समोर पोत्यावर बसलेला देवाजी. गंजाला कढ यायला तासभर लागायचा. आता जाळासमोर बसलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला कुणी काम सांगत नाही. तोच माणूस ओसरीवर तसाच गप्प बसला, तर सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. जाळासमोर बसला की "बाबा पानी तापवून राह्यले" म्हणून सगळं घर पाय न वाजवता बाजूनं जातं.

आणि खरं सांगायचं तर त्या तासात देवाजी घरी नसायचाच. तो डोंग्यात असायचा.

गावाच्या खालच्या अंगाला वैनगंगा वाहते. तरणा असताना कधीतरी देवाजीच्या मनात आलं होतं, की या पाण्यात लाकडी डोंगा सोडावा आणि वल्हवत थेट समुद्रापर्यंत जावं. मग धानाची शेती, लग्न, पोरगा. ते राहूनच गेलं. पण एका पहाटे जाळाकडे बघता बघता त्यानं डोंगा सोडून दिला. सोबत पायलीभर तांदूळ, मिठाची पुडी आणि घोंगडं. गंज तापेपर्यंत जेवढं जाता येईल तेवढं जायचं, कढ आला की डोंगा काठाला बांधायचा आणि "पानी झालं रे" म्हणून हाक द्यायची. दुसऱ्या पहाटे तिथूनच पुढं. घाई कसली नव्हती. मार्कंड्याला नेमकी जत्रा लागलेली निघाली, तर एक अख्खा हिवाळा तिथेच गेला. चपराळ्याला वर्धा नदी येऊन मिळाली तेव्हा चार दिवस तो काठावर बसून दोन पाण्यांचे दोन रंग बघत राहिला. सिरोंचा मागं पडलं, गोदावरी लागली. पाणी इतकं रुंद की पलीकडची माणसं धड दिसेनात, आणि जी दिसली ती तेलुगू बोलणारी. देवाजीला तेलुगू येत नव्हतं, म्हणून मनातल्या मनातसुद्धा तो नुसती मान हलवून पुढं जायचा. समुद्र आता वीस-पंचवीस पहाटांवर आला होता, आणि तेवढ्यात सोलर आला.

वनखात्याकडून गावात बावीस घरांना सोलर मिळाले. नियम असा, की ज्याला सोलर त्यानं पाण्याची चूल मोडायची, आणि मोडलेल्या चुलीचा फोटो वनखात्याच्या साहेबाकडे जायचा. वन समितीचे अध्यक्ष गुणवंतराव मोबाइल घेऊन स्वतः सांदवाडीत आले.

"देवाजीभाऊ, दगडं उचला. फोटो काहाडतो."

"तिन्ही?"

"मंग दोन ठेवून काय करता? उचला बापा, अजून अकरा घरं बाकी हायेत."

देवाजीनं दगड उचलून गुरांच्या कोठ्यामागे टाकले. फोटोत त्याचा चेहरा असा आला होता की गुणवंतरावांनी तो परत काढला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं देवाजी चारला उठला आणि काय करावं ते त्याला कळेना. प्रवीण नळाखाली बसला, पाच मिनिटांत आंघोळ करून गेलासुद्धा. देवाजी सांदवाडीत जाऊन नुसताच बसला. अंधार होता, थंडी होती, पण डोंगा काही हलेना. मग तो छपरावर चढून सोलरसमोर बसला. उजाडलं तशी काचेत स्वतःची टोपी दिसायला लागली, त्यापलीकडे काही नाही. खालून इंदुताईचा आवाज आला.

"अवो, बसलेच आहात तं लाखोरीच्या डाळीतले खडे निवडून द्या."

तिसऱ्या दिवशी त्याला दळणाला पाठवलं. चौथ्या दिवशी पुनमनं शेळीची दोरी हातात दिली. रिकामा बसलेला म्हातारा दिसला की घराला काम सुचतं, आणि ते चुकीचंही म्हणता येत नाही. देवाजी सगळं मुकाट्यानं करत होता, पण जेवताना त्याचा घास हातातच राहायला लागला. गोदावरीच्या मधोमध डोंगा सोडून आल्यासारखं त्याला झालं होतं, आणि त्या डोंग्यात आता कोण आहे याचा त्याला घोर लागला होता.

डिसेंबरात आभाळ भरून आलं. दोन दिवस ऊन पडलं नाही. तिसऱ्या पहाटे देवाजीनं नळाखाली हात धरला, तर पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा गार. त्याच्या छातीत एकदम काहीतरी उजळलं. तो कोठ्यामागे गेला, जिथून घरातून कुणाला दिसत नाही. तीन दगड तिथेच पडले होते. गंजही होता. शेतातून आणलेल्या तुराट्यांचा एक भारा कुडाला टेकवून ठेवलेला होता, जणू त्याच्याचसाठी. देवाजीनं काडी ओढली.

डोंगा जिथं सोडला होता तिथंच होता. घोंगडं थोडं दवानं ओलं झालं होतं, इतकंच.

कढ आल्यावर त्यानं दोन बादल्या न्हाणीत नेऊन ठेवल्या आणि प्रवीणला उठवलं. प्रवीणनं पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तोंडातून हाय निघाली.

"बाबा, काल दिवसभर ऊन नाई, आनि पानी इतकं कढत?"

"सोलरचंच होय," देवाजी म्हणाला.

खोटं बोलायचं कारण होतं. चूल पेटवली हे कळलं तर सोलर काढून नेणार, हे गुणवंतरावांनी बजावलं होतं. आणि सोलर गेला तर पुनम पुन्हा कुऱ्हाड घेऊन जंगलात. त्या विचारानं देवाजीला घाम फुटायचा. त्याला दोन्ही हवं होतं, सुनेला सोलर आणि स्वतःला जाळ. म्हणून तो चार दिवस रोज खोटं बोलला आणि रोज समुद्राकडे सरकत राहिला. पाचव्या दिवशी प्रवीणनं कौतुकानं राईस मिलमध्ये सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत शेजारचा पोचू दारात उभा राहिला.

"देवाजीभाऊ, आमचा सोलर तं बरफ देऊन राह्यला. तुमचा कसा काय तापते?"

देवाजी तेव्हा गुडघ्याला मोहाचं तेल चोळत बसला होता. पहाटेच्या उकिडव्या बसण्यानं गुडघे धरले होते. त्यानं हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"तेल लावतो त्याले," तो म्हणाला.

"कोनाले, सोलरले?"

"काचीले. मोहाचं तेल. ते उन्हाले धरून ठेवते."

"ढगात ऊन कुठी हाये?"

"म्हून तं धरून ठेवा लागते."

पोचूला हे इतकं पटलं की तो वाकून नमस्कार करायचाच बाकी राहिला. खोटं बोलण्यात देवाजी नवखा होता, आणि नवखा माणूस घाबरत घाबरत बोलतो म्हणून ते जास्त खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचू छपरावर होता. दुपारी त्याचे दोघे भाऊ आपापल्या छपरावर. मोहाचं तेल इथं घराघरात असतं, भाजीला असतं, सांध्यांना असतं, त्याला कुणाकडे मागायला जावं लागत नाही. दोन दिवसांत बाकीच्या एकवीस काचांवर तेल चढलं. लोक देवाजीचा सोलर बघायलाही यायला लागले, तेव्हा नाइलाजानं देवाजीला स्वतःच्या काचेलाही फासावं लागलं.

आता मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे ज्याला माहीत नाही असा माणूस त्या तालुक्यात नसेल. पण सोलर ही नवी वस्तू, तिला जुने नियम कशाला लागू होतील, असं सगळ्यांनी धरलं. त्यातच मळणीचे दिवस. खळ्याखळ्यातून धानाचा बारीक भुसा उडत होता, तो येऊन त्या पांढऱ्या थरावर बसला. आभाळ मोकळं झालं, लख्ख ऊन पडलं, तेव्हा गावातल्या सगळ्या काचा सारवल्यासारख्या झालेल्या होत्या. उन्हाला आत शिरायला फट उरली नव्हती. एकवीस घरांत भर उन्हाचं थंड पाणी.

आणि देवाजीच्या घरी मात्र रोज कढत. मग व्हायचं तेच झालं. पहाटे पहाटे दारात बादल्या लागल्या.

"देवाजीभाऊ, एकच बादली. पोरीची परीक्षा हाये."

"न्हानीत सून हाये," देवाजी म्हणायचा. "बादली द्या इकडे, मी आनून देतो."

बादली घेऊन तो समोरून आत जायचा, मागच्या दारानं कोठ्यामागे, गंजातून भरून परत. एक बादली दिली की तेवढं गार पाणी ओतायचं, जाळ सारायचा, फुंकायचं. तो चारच्या ऐवजी तीनला उठायला लागला. पोत्यावर बूड टेकवायची फुरसत मिळेना. कधी घटकाभर डोळे जाळाकडे लागलेच, तर गोदावरीच्या दोन्ही काठांवर बादल्या घेतलेली माणसं रांगेत उभी दिसायची, आणि ती आता तेलुगू नव्हती, सगळी गावचीच होती. ज्या तासासाठी खोटं बोललो, तोच तास खोट्यानं खाऊन टाकला, हे देवाजीला समजत होतं. त्याला रडू यायचं, पण धुरानं डोळे गळतात म्हणायलाही सोय नव्हती, कारण धूर नाही असंच तो सांगत आला होता.

गुणवंतरावांनी याच्यावर कळस चढवला. देवाजीचा सोलर ढगात, थंडीत, केव्हाही पाणी तापवतो, असं त्यांनी साहेबाला कळवलं. साहेबाला नवल वाटलं. मिलला सुटी होती अशा एका सकाळी वनखात्याची जीप दारात आली. साहेब उतरले, सोलरवाला इंजिनियर उतरला, त्याच्या हातात पाण्याची उष्णता मोजायची नळी. सगळं गाव अंगणात.

"पुनमबाई, नळ चालू करा," गुणवंतराव म्हणाले.

पुनमनं सासऱ्याकडे पाहिलं आणि नळ सोडला. इंजिनियरनं नळी धरली, झटकली, पुन्हा धरली.

"हे तर थंड आहे."

"अस्सं कसं होईल," प्रवीण म्हणाला. त्याच्या ओल्या केसांतून अजून वाफ निघत होती. "मी आत्ता आंग धुतलं ना साहेब. पाठ लाल झाली पाहा."

साहेबांनी पाठ पाहिली. मग नाक वर करून हवेचा वास घेतला आणि चालत निघाले. अंगण, न्हाणी, मागचं दार, कोठा. कोठ्यामागे तीन दगडांवर गंज उकळत होता आणि बाजूला तीन घरांच्या बादल्या नंबरानं ठेवलेल्या होत्या.

देवाजी टोपी काढून पुढं आला.

"साहेब, सोलर चांगला हाये. मीच वाईट हावो."

"पण कशासाठी केलंत हे? एवढी चांगली सोय असताना?"

सरकारी साहेबाला गोदावरीतला डोंगा कसा सांगावा?

"मले जाळ पायजे होता," एवढंच तो म्हणाला.

"नियमाप्रमाणे संच परत घ्यावा लागेल," साहेब म्हणाले.

तेव्हा पुनम पदर खोचून मधे आली. "घ्या, पन आदी ऐका. मामाजीनं जंगलातली एक काडी आनली नाई. ह्या आमच्या वावरातल्या तुराट्या होय. रोज रात्री मीच तिथी आनून ठेवतो. यायनं पेटोल्या, आता मीनं ठेवल्या म्हून माह्यावर लिवा."

देवाजी सुनेकडे बघतच राहिला. तुराट्यांचा भारा रोज संपायचा आणि रोज तेवढाच कसा असायचा, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

तोवर इंजिनियर छपरावर चढला होता. तिथून त्याची हाक आली, आणि तो खाली उतरला तेव्हा दोन्ही तळहात अंगापासून लांब धरून उतरला.

"हे काचेवर काय आहे?"

"तेल," पोचू म्हणाला.

"कसलं तेल?"

"मोहाचं. ऊन धरून ठेवाले."

"सगळ्यांनी लावलंय?"

बावीस घरांची माणसं पायांकडे बघायला लागली. इंजिनियर ओसरीवर बसला. मग म्हणाला, की हा थर खरवडून चालणार नाही, काच जाईल. थंड पाण्यानं निघणार नाही, थिजलेला आहे. ऊन वर यायच्या आत, सोडा घातलेल्या गरम पाण्यानं, हलक्या हातानं, थोडं थोडं धुवावं लागेल. एका काचेला मोठा गंजभर पाणी तरी लागेल.

"गरम पाणी कुठं मिळेल गावात?" साहेबांनी विचारलं.

"सोलरचं..." गुणवंतराव म्हणाले आणि थांबले.

"गॅसवर तापवा," कुणीतरी मागून म्हणालं. त्याच्या बायकोनं तिथल्या तिथे त्याला गप्प केलं, सिलिंडर काय तुमच्या मामाच्या घरून येते काय म्हणून. मग हळूहळू सगळ्या माना कोठ्याकडे वळल्या. गंज उकळतच होता.

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला, जीपमधून कागद मागवला आणि हुकूम लिहिला. सौरसंचांच्या स्वच्छतेकरिता, केवळ शेतातील जळणावर, पहाटेच्या वेळी एक चूल पेटवण्यास परवानगी. काम देवाजी यांनी स्वतः करावयाचे. रोज एक घर. हीच त्यांची शिक्षा.

"मंजूर आहे?"

"जशी तुमची मर्जी, साहेब," देवाजी मान खाली घालून म्हणाला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती, चेहरा दिसला असता.

बावीस पहाटा. सरकारी शिक्का मारलेल्या. गंज तापेपर्यंत कुणी जवळ येत नव्हतं, उलट येणारे-जाणारे हळू बोलायचे, की बिचारा म्हातारपणी शिक्षा भोगतो आहे. रोज एक काच उजळत होती, रोज एका घरचा नळ गरम होत होता, आणि देवाजी त्या रुंद पाण्यावरून कसलाही आवाज न होता पुढं जात होता. पाण्याला खारट वास यायला लागला. काठ मागं सरले. पांढरे पक्षी दिसले, त्यांची नावं त्याला माहीत नव्हती.

शेवटच्या पहाटे फक्त गुणवंतरावांची काच उरली होती. देवाजीनं जाळ सारला. समोर अंधारात काहीतरी फार मोठं श्वास घेत होतं. वल्ह्याचा एक रेटा, की समुद्र. त्यानं दोन्ही हातांनी वल्हं धरलं, आणि पोत्यावर कुणीतरी शेजारी येऊन बसलं. इंदुताई होती.

"अवो."

"हं."

"मी कवापासून पायतो, तुमी जाळात पाहून हासता. काय हाये तिथी?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यानं ठरवलेलं नव्हतं. म्हणून त्यानं सगळं सांगितलं, गावच्या घाटापासून. मार्कंड्याची जत्रा, चपराळ्याचे दोन रंग, तेलुगू माणसं, खारट वास. गंजाला कढ येऊन गेला तरी तो सांगत होता. इंदुताई हनुवटी गुडघ्यावर ठेवून ऐकत होती.

"जेवाचं काय करता?"

"पायलीभर तांदूळ घेतले होते."

"इतके वर्सं पुरले?"

"पुरून राह्यले."

"आनि भाजी?"

"भाजीचं ध्यानात नाई आलं."

मग ती शांतपणे म्हणाली, "आनि मी कुठी हावो?"

देवाजीनं आठवून पाहिलं. "तू... घरी."

"डोंगा लहान पडते काय?"

"नाई. दोघाचा हाये."

"मंग?"

समोर समुद्र होता. फेसाची पांढरी रेघ त्याला स्पष्ट दिसत होती, आणि जन्मभर तीच बघायची होती. देवाजीनं एक लांब श्वास घेतला, वल्हं उलट्या बाजूला टाकलं आणि डोंगा वळवला.

"किती दिस लागन वापस याले?" इंदुताईनं विचारलं.

"उलटी धार हाये. दोन हिवाळे तं नक्की. मंग तुले घेऊन निंगू. येकदा निंगलो की मंग कुठी थांबाचं नाई, सीधा समुद्र."

"कसं थांबाचं नाई? मार्कंड्याले थांबा लागन. मले जत्रा पाहाची हाये."

"थांबू," देवाजी म्हणाला. मग त्याला आठवलं. "पन आज काचा सरल्या ना वो. उद्यापासून चूल बंद."

इंदुताईनं एक तुराटी गुडघ्यावर मोडली आणि जाळात सारली.

"गुनवंतरावले मी सांगतो," ती म्हणाली, "काचा अजून तीन-चार हिवाळे तरी साफ होत नाई म्हून."